सरांचा पत्रा

अंकुश,

काल तुझा तेरावा झाला. वाढपी वरण वाढत होते आणि जेवणारे नशीब वाढत होते. याच्या तोंडी नशीब, त्याच्या तोंडी नशीब. एक म्हणाला, वेळ भरली की निमित्त सापडतंच. दुसरा म्हणाला, चांगली माणसं देवालाही हवी असतात. अरे, देवाला डेंटर कशाला हवाय? त्याची कुठली गाडी ठोकली? मी ताटावरून उठणारच होतो. तुझ्या बायकोनं, शारदेनं, दारातून माझ्याकडे पाहिलं, म्हणून गप बसलो.

माझे वडील तू पाहिले नाहीस. आमच्या वस्तीनं धर्म बदलला तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. त्या दिवसापासून त्यांनी घरात ‘नशीब’ या शब्दाला बंदी घातली. माझं गणित चुकलं, कोंबडी मेली, छपरातून पाणी आलं, काहीही झालं की एकच प्रश्न, “कारण काय?” कारण सापडेपर्यंत ताटावर बसू द्यायचे नाहीत. पुढं आयटीआयमध्ये शीट मेटलचा वर्ग शिकवायला लागलो तेव्हा मी तीच सवय तुम्हा पोरांना लावली. सांधा सुटला? कारण सांग. कड वाकडी गेली? कारण सांग. तुझ्या बॅचची पोरं मला मागं ‘कारणे सर’ म्हणायची, हे मला माहीत होतं. नाव कुणी पाडलं होतं तेही माहीत होतं.

तर तुझ्या जाण्यालाही कारण आहे. ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि गेले तेरा दिवस ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. काल तर सांगायची वेळ चालून आली होती, तरी सांगितलं नाही. म्हणून ही वही उघडली. पण आधी तुझ्यावरचा राग काढू दे. तुझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस तुझ्या तेराव्याला जेवून आलाय, तेवढा हक्क त्याला आहे.

पहिला राग हा की तू कधी ऐकलं नाहीस. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाला नरसाळं करायला दिलं होतं. नकाशा फळ्यावर, मापं फळ्यावर. एकवीस जणांनी फळ्यावरचं नरसाळं केलं. तुझ्या नरसाळ्याला गळ्याच्या बाजूनं एक बारीक नळी जोडलेली. मी विचारलं, “ही शेपटी कसली? नकाशात आहे का?” तू म्हणालास, “नकाशात नाय सर. पर बाटलीत त्याल उतरतं तवा आतली हवा कुठून जावी?” मी तुझे मार्क कापले. नंतर तेच नरसाळं घरी नेलं आणि किती तरी वर्षं त्यानंच रॉकेल ओतलं. गुडगुड आवाज न होता सरसर उतरायचं. हे तुला मी एकदाही सांगितलं नाही, आणि आता सांगून काय उपयोग?

निवृत्त झाल्यावर पडेगावच्या माझ्या प्लॉटवर मी पत्र्याचं शेड उभं केलं. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. घरात बसून भिंती मोजायच्या नव्हत्या, एवढंच. तू आलास आणि म्हणालास, “सर, मी हितं डेंटिंगचं काम टाकतो. तुम्ही खुर्ची टाकून बसत जा. माझ्या चुका काढायला कुणीतरी पायजेच.” तुझी हातोडी आणि माझी खुर्ची असं ते चालू झालं. रोज सकाळी मी येणार, तू चहा मागवणार, आणि चहा संपायच्या आत आपण कशावरून तरी भांडणार.

सगळ्यात मोठं भांडण बॉनेटवरच्या झडपांचं, म्हणजे आतली गरम हवा निघायला पत्र्यात कापलेल्या फटींचं. ते गफूरभाईंच्या गाडीपासून सुरू झालं. वेरूळ, खुलताबाद, अजिंठा अशी पाहुण्यांची ने-आण करणारा हा माणूस, उन्हाळ्यात दौलताबादच्या पुढचा चढ लागला की त्याच्या गाडीच्या तापमानाचा काटा लालात जायचा. एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या आणि घामाघूम पाहुण्यांना किल्ल्याचा इतिहास सांगत वेळ काढायचा. रेडिएटर बदलून झाला, पंखा बदलून झाला. शेवटी वैतागून तो तुझ्याकडे आला. खरं तर डेंटरकडे यायचं हे काम नव्हेच. तू बॉनेट उघडलंस, हात आत घातलास, चटका बसून काढून घेतलास आणि म्हणालास, “भाई, इंजिन कू बुखार नहीं है. तुम उसकू कोंड के रखे ना.”

आणि मग त्याला समजावलंस. मी खुर्चीतून ऐकत होतो आणि मनातल्या मनात मार्क देत होतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापूनच आत येते. खालून निघते तेवढी निघते, बाकीची बॉनेटखाली घुटमळत राहते. तिनं रबरी नळ्या कडक होतात, वायरींचं प्लास्टिक ठिसूळ होतं, बॅटरी भर उन्हाळ्यात दगा देते. वरून वाट दिली तर ती आपल्या पायानं निघून जाईल. “हवा कुठून जावी, एवढंच बघायचं भाई.” नरसाळ्यातला तोच प्रश्न.

तिथंच तू पहिली चूक केलीस. झडपा काढल्यास त्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला. मी म्हणालो, “अरे गाढवा, गाडी पळायला लागली की तिथं हवा काचेवर आदळते आणि दाबून बसते. बाहेर यायचं सोड, उलटी आत शिरेल. झडपा काढ पुढं, रेडिएटरच्या लगेच मागं. तिथं बॉनेटवरून वारा वर चढतो, तो आतली हवा ओढून घेईल.” तू हसलास. “गरम हवा वर जाती सर. सातवीतल्या पोराला ठावं हाय.”

दुसऱ्या दिवशी तू गुलमंडीतून नारिंगी लोकरीचा गुंडा घेऊन आलास. दुकानदारानं विचारलं होतं, स्वेटर कुणाचा? तू सांगितलंस, गाडीचा. हवा कुठं जाते ते दिसावं म्हणून त्या लोकरीचे बोटभर तुकडे तू चिकटपट्टीनं साऱ्या बॉनेटवर लावलेस. गाडी अशी दिसायला लागली की पडेगावची कुत्री मागं लागली. गफूरभाई चालवायला, मी शेजारी, तू मागच्या सीटवरून आमच्या दोघांच्या मधे डोकं घातलेलं. दौलताबादच्या रस्त्याला गाडीनं वेग घेतला आणि तुझ्या झडपांवरचे सगळे धागे एकामागून एक आत ओढले गेले. पुढच्या भागातले धागे मात्र उठून थरथरत होते. मी फक्त मागं वळून तुझ्याकडे पाहिलं.

तू मान्य केलंस? छे! “लोकर वली असंल सर.” मे महिन्यात!

पण शेडवर येऊन मागच्या झडपा बंद केल्यास, पुढं नव्या काढल्यास, आणि काय काढल्यास! आतल्या आधाराच्या पट्ट्यांना धक्का न लावता. प्रत्येक कड आत दुमडलेली, बोट फिरवलं तरी ओरखडा नाही. पावसाचं पाणी इंजिनावर पडेल म्हणून मी हटून बसलो, तर खाली पन्हळ बसवलीस, पाणी बाजूनं निघून जाईल अशी. पावसाळ्यात गफूरभाईंनी मुद्दाम बॉनेट उघडून दाखवलं, प्लगाजवळ टिपूससुद्धा नव्हता. घाटात काटा मधल्या खुणेच्या वर सरकला नाही त्या दिवशी ते मटणाच्या नानखलियाचा डबा घेऊन आले आणि तू माझ्यासमोर बसून म्हणालास, “डोकं सरांचं, हात माझा.” ते ऐकून मी दोन दिवस भांडलो नाही.

ही पन्हळ लक्षात ठेव, अंकुश. तिच्याकडे मी परत येणार आहे.

मग झडपांची हौस पसरली. नुसतीच दिखाऊ हौस असली की तू भडकायचास. एक जण प्लास्टिकची काळी जाळी बॉनेटवर चिकटवून आला, खाली भोकच नाही. तू म्हणालास, “हे तर नाक हाय, नाकपुड्याच नाय.” आणि त्याला परत पाठवलंस. गरज नसलेल्या गाडीला तू कात्री लावत नव्हतास. आधी नळ्या बघ, पाणी बघ, पंखा बघ, गाडीच्या कागदांचं काय ते आरटीओत विचारून ये, मगच माझ्याकडे. आलेलं गिऱ्हाईक असं परतवणारा डेंटर मी दुसरा पाहिला नाही.

पण आपला वाद काही मिटला नव्हता. एकदा माझ्या गाडीतून आपण क्रांती चौकात अडकलो. कुठलीशी मिरवणूक होती, पुढं हलायला जागा नाही. माझ्या गाडीला तू पुढं दोन झडपा काढून दिल्या होत्यास, मी बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर परवानगी दिली होती. तू भर चौकात खाली उतरलास, मलाही उतरवलंस, आणि माझा हात धरून त्या झडपांवर ठेवलास. हवा होती, पण थोडी, आळशी. मग तोच हात काचेजवळच्या फटीवर नेलास. तिथून भट्टीसारखा झोत येत होता. “आता बोला. उभ्या गाडीला वढ कुठली? आपल्या गावात गाडी पळती किती अन् हुबी ऱ्हाती किती, सर?” मागचे हॉर्न वाजवत होते. मी म्हणालो, पंखा आहे ना. तू म्हणालास, पंखा ढकलतो, पण दार नको का? मागं एक उघडझाप होणारी झडप हवी, पळताना बंद, उभं राहिल्यावर उघडी. मी म्हणालो, खेळणं आहे ते, पहिल्या खड्ड्यात तुटेल.

तो वाद मी हरत आलो होतो. आज कबूल करतो. तेव्हा केला असता कबूल तर माझ्या खुर्चीचा पाय मोडला असता का? नसता मोडला. पण आम्ही मास्तर माणसं. पोरगं बरोबर बोललं की आधी त्याचं व्याकरण तपासतो.

एका गोष्टीत मात्र तू माझा शब्द कधी मोडला नाहीस, आणि माझा खरा संताप तोच आहे. वर्गात मी शिकवलं होतं की दुसऱ्याच्या पत्र्याला त्याच्या हातच्या खुणेशिवाय कात्री लावायची नाही. वाकलेला पत्रा सरळ होतो, कापलेला परत जुळत नाही. म्हणून मालकाच्या हातात खडू द्यायचा आणि पहिली रेघ त्याला मारायला लावायची. बाकीची पोरं हे परीक्षेपुरतं शिकली. तू आयुष्यभर पाळलंस. बॉनेटवर मापं तू घ्यायचास, ठिपके तू द्यायचास, पण रेघ मालकाची. कुणी खडू घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारायचं. एका बाईंनी रेघ मारली आणि बॉनेटला हात जोडले. तू त्या सगळ्यांना थांबायचास. घाई केलीस असं मला आठवत नाही.

आता ती दुपार. मी तिथं नव्हतो. उन्हाचा मला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी दुपारी बाहेर पडू नका असं बजावलंय. मी घरी कूलरसमोर पडलो होतो. तू शेडमध्ये होतास. खाली तापलेली जमीन, वर तापलेला पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा, आणि एक टेबलफॅन, जो तीच हवा तुझ्या अंगावर परत फेकत होता. गफूरभाईंची दुसरी गाडी आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ती घेऊन पाहुण्यांसह अजिंठ्याला निघायचं होतं. चार वाजता ते गाडी न्यायला आले तर तू बॉनेटला टेकून खाली बसलेला. त्यांना ओळखलं नाहीस. काहीबाही बोलत होतास. अंग भाजत होतं आणि घामाचा थेंब नव्हता. त्यांनी पिंपातलं पाणी तुझ्यावर ओतलं, उचलून, ज्या गाडीतून आले होते तिच्यात घातलं. त्यांच्याकडून काही कमी पडलं नाही. दवाखान्यात सदरा काढला तेव्हा खिशातून कांदा निघाला.

कांदा! हवा कुठून जावी हे साऱ्या शहराच्या गाड्यांना शिकवणारा माणूस खिशात कांदा ठेवून उन्हाशी लढत होता. दोन दिवस डोकं दुखतंय असं तू शारदेला सांगितलं होतंस. मला का नाही सांगितलंस? मी काय चुका काढण्यापुरताच होतो का?

डॉक्टर म्हणाले उष्माघात. लोक म्हणाले नशीब. आणि काल पंगतीत गफूरभाईंचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, भात हातात तसाच, रडत म्हणाला, “मेरे वास्ते बैठा वो धूप में. मेरी गाडी नहीं रहती तो घर कू जाता था ना वो. मैंच बोला, सुबह होना करके.” शेजारचे म्हणाले, “तुमचा काय दोष भाई, नशीब त्याचं.” त्यांच्या पलीकडे मी बसलो होतो. कारण मला माहीत होतं. मी वरणभात कालवत राहिलो.

कारण सांगतो. होळी झाली होती, ऊन तापायला लागलं होतं. मी खुर्चीवर पेपर वाचत होतो. तू समोर उभा राहिलास, हातात खडू. मला वाटलं कुठल्या गाडीचं काम निघालं. तू म्हणालास, “सर, वरच्या पत्र्याला दोन खिडक्या काढू का? उंच बाजूला. आवंदा ऊन लई हाय. गाडी तरी पळती, शेड कुठं पळतंय? त्याला वरूनच वाट पायजे.” आणि खडू माझ्यापुढं धरलास.

मी पेपर खाली केला नाही. म्हणालो, “नको. पत्रा नवा आहे, पावसाळ्यात गळेल. दिवाळीनंतर बघू.”

गळेल! ज्या माणसानं पन्हळ बसवून इंजिनावर एक थेंब पडू दिला नव्हता, त्याला मी सांगितलं की गळेल. खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण हे की तू बरोबर होतास. उभ्या गाडीच्या वादात एकदा होतास, आता शेडच्या निमित्तानं परत होतास, आणि मी खडू घेतला असता तर तू गालात हसला असतास. त्या हसण्याला मी घाबरलो, अंकुश. आणि पत्रा माझ्या पैशाचा होता, त्याला भोक पडलेलं मला बघवलं नसतं. इतकं क्षुद्र कारण आहे ते. त्यापेक्षा नशीब बरं, निदान त्याला लाज वाटत नाही.

पण तू का ऐकलंस? मला याचं उत्तर दे. नरसाळ्याच्या वेळी ऐकलं नाहीस. लोकर ओली म्हणून तोंडावर थाप मारलीस. भर चौकात गाडी थांबवून माझा हात धरून मला खोटं ठरवलंस. सगळा जन्म माझं ऐकलं नाहीस आणि नेमकं त्याच दिवशी “बरं सर” म्हणून खडू खिशात टाकलास? मी घरी गेल्यावर घालायची होतीस कात्री! मी आरडाओरडा केला असता, आठवडाभर बोललो नसतो, शेडला कुलूप लावायची धमकी दिली असती. दिली असती तर दिली असती. तू असतास ना.

इथवर लिहिलं आणि वही मिटून टाकली. पुढं काय लिहायचं कळेना.

आज चार दिवसांनी परत उघडली आहे.

परवा शेड उघडलं. गफूरभाईंना त्या दिवसापासून तिथंच राहिलेली गाडी न्यायची होती, ते सोबत होते. तुझी हत्यारं तशीच. रंगाच्या डब्यांमागं जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून उभं केलेलं. मी चादर काढली. दोन चौकटी. झडपा तिरप्या बसवलेल्या, कडा दुमडलेल्या, खाली पन्हळ, लाल रंगाचा हात मारलेला. दोरी ओढून उघडझाप होईल अशी कळसुद्धा केली होतीस. ज्या झडपेला मी खेळणं म्हणालो होतो, तीच. नाही म्हणालो तरी तू त्या करून ठेवल्यास, आणि रेघेची वाट बघत भिंतीला टेकवून ठेवल्यास. गफूरभाईंनी विचारलं, “ये किसकी है सर?” मी म्हणालो, “इसी शेडकी.” पुढचं न सांगता चौकटी परत चादरीत गुंडाळल्या.

तिथून तुझ्या घरी गेलो. शारदेला म्हणालो, “ती नारिंगी लोकर आहे का गं कुठं?” ती आत गेली आणि गुंडा घेऊन आली. तो माझ्या हातात देण्याआधी उभ्या उभ्या म्हणाली, “मला ठावं हाय सर. त्यांनी घरी येऊन सांगितलं हुतं. सर नाय म्हणले, दिवाळीनंतर बघू म्हणले.”

मी म्हणालो, “रागावला होता का?”

“ते? नाय. हसत हुते. म्हणले, सरांचा पत्रा हाय, सरांनीच रेघ मारायची. मारत्याल एक दिवस.” मग तिनं पदरानं तोंड पुसलं. “मला आला हुता राग. आजबी हाय. तुम्हाला तेराव्याला जेवू घातलं, पर राग हाय.”

मी म्हणालो, “असू दे. तो जायला नको.” तिनं लोकर दिली. मी निघालो तेव्हा चहा घेऊन जा असंही म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

आज सकाळी सहाला गफूरभाईंना बोलावलं. शिडी उंच बाजूच्या भिंतीला लावली. माझं वय, माझे गुडघे, ते “नक्को सर, मैं चढता” म्हणत राहिले. मी म्हणालो, शिडी धरा. वर जाऊन खिशातला खडू काढला. पन्हळी पत्र्यावर रेघ सरळ येत नाही, वळणावळणानं जाते, तरी चौकोन काढला. छिन्नीनं तोंड पाडलं आणि कात्री घातली. एवढ्या वर्षांनी कात्री धरली, अंगठ्याची साल निघाली. तुझी चौकट त्या भोकात अशी बसली की मला एकही कड घासावी लागली नाही. माप तू कधी घेतलंस, देव जाणे. पेपर वाचत असताना घेतलं असशील. एकाच खिडकीला दहा वाजले. पत्रा तापला होता.

तिच्या तोंडाशी मी लोकरीचा एक धागा चिकटवला. वारा नव्हता. पडेगावात झाडाचं पान हलत नव्हतं. मी खाली ओरडलो, दोरी ओढा. झडप उघडली, आणि तो धागा उठला. वर, बाहेर, सरळ उभा राहिला आणि तसाच थरथरत राहिला. मी तळहात धरला. आतून भट्टी बाहेर पडत होती. एवढ्या भट्टीत तू बसलेला होतास.

गफूरभाई खालून म्हणाले, “क्या दिखा सर?”

मी वरूनच बोललो. त्यांच्याकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. “गफूरभाई, कारण तुमची गाडी नाही. त्यानं मला विचारलं होतं. होळीच्या वेळी. ही खिडकी काढू का म्हणून खडू पुढं केला होता. मी नाही म्हणालो. तुम्ही पंगतीत रडत होता तेव्हाही मला माहीत होतं.”

खाली दोरी सैल सुटली. मला वाटलं ते गेले. जायला हवं होतं त्यांनी. मग त्यांचा आवाज आला, नेहमीचा नव्हता. “पहले नीचे उतरो सर. धूप चढ गई.” मी खाली पाहिलं. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती आणि मान खाली घातली होती.

मी लगेच उतरलो नाही. खडू अजून खिशात होता. शेजारच्या पत्र्यावर हात लांब करून दुसऱ्या खिडकीची रेघ मारली, अंकुश, आणि मग उतरलो.